तापीकाठी बसून ध्रुवीय समुद्रातली पिल्लं ओळखायची तर

प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी एखादा विद्यार्थी येतोच. "सर, मला अंटार्क्टिकातल्या समुद्री जीवांवर काम करायचंय. पण आपण तर भुसावळचे. समुद्र कुठंय इथं?" मी त्याला बसवतो, चहा सांगतो आणि विचारतो की तू गावच्या विहिरीतलं पाणी कधी भिंगाखाली पाहिलं आहेस का. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं.

हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे. विषय आहे ध्रुवीय समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांचे डिंभ. पुस्तकात 'डिंभ' लिहितात, प्रयोगशाळेत सगळे 'लार्वा' म्हणतात. तारामासा, सी-अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी), शिंपला, खेकडा, बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारा कवचधारी) यांची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा आईबापासारखी अजिबात दिसत नाहीत. मिलिमीटरच्या अंशाएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव पाण्यात तरंगत राहतो, आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी रूप पालटून तळाशी बसतो. आठ अंश थंडी पडली की आपण शेकोटी पेटवतो. हे जीव मात्र उणे १.८ अंशांच्या, गोठायच्या बेतात असलेल्या पाण्यात वाढतात. ते कसं, हा सगळा प्रश्न.

आधी तीन शब्द

जाळी, भिंग, प्रवास हे सगळं नंतर. आधी पिल्लांचे तीन प्रकार डोक्यात बसवा. इंग्रजी पुस्तकांतली नावं जिभेला जड आहेत, म्हणून मी वर्गात माझीच नावं वापरतो.

पहिले पोटार्थी. आई बारीक बारीक अंडी हजारांनी, लाखांनी सोडते. अंड्यात पिवळा बलक जेमतेम. पिल्लू बाहेर पडलं की त्याला लगेच सूक्ष्म शेवाळ खाऊन पोट भरावं लागतं.

दुसरे शिदोरीवाले. अंडी कमी पण मोठी, बलकाने भरलेली. पिल्लू पाण्यात हिंडतं, पण खात नाही. आईने बांधून दिलेली शिदोरी संपायच्या आत त्याला तळ गाठावा लागतो.

तिसरे कडेवरचे. आई पिल्लांना पाण्यात सोडतच नाही. अंगावर, पिशवीत किंवा काट्यांच्या आडोशाला सांभाळते, आणि पिल्लू निघतं ते थेट छोट्या आईसारखं. (समुद्री कोळ्यांत अंडी बाप वाहतो. हे सांगितलं की वर्गातल्या मुली हमखास हसतात.)

कुठलाही ध्रुवीय प्राणी समोर आला की पहिला प्रश्न हाच: पोटार्थी, शिदोरीवाला की कडेवरचा? पुढचं निम्मं परिस्थितिविज्ञान या उत्तरातून उलगडतं.

जाळी शिवा

प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. ते गाळायची तयार प्लवक-जाळी बाजारात मिळते, पण महाग पडते आणि पहिल्याच काटेरी झुडपात फाटते. लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा. त्याच्या चौकटीला ताणलेलं पॉलिस्टरचं कापड हेच आपलं कापड. उरलेले तुकडे तो बहुधा फुकट देतो. विचारायचं एवढंच, की सेंटिमीटरला धागे किती? ७७ धाग्यांच्या कापडाचं छिद्र साधारण ८० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं, १२० धाग्यांच्या कापडाचं ५० मायक्रॉनच्या आसपास. प्राणीप्लवकासाठी सर्रास २०० मायक्रॉनची जाळी वापरतात, पण डिंभ तिच्यातून निसटतात. जुन्या अहवालांत डिंभ कमी दिसले, तर ते खरंच कमी होते की जाळीतून गेले, हा संशय कायम ठेवा.

भरतकामाच्या मोठ्या रिंगला कापडाचा शंकू शिवून घ्या. खालच्या टोकाला औषधाची छोटी बाटली दोऱ्याने आवळून बांधा. आमच्या गल्लीतल्या टेलरमामांनी कापड उजेडाला धरून विचारलं होतं, "भाऊ, हाई काय करी राह्यना?" शिवण मात्र सुबक घातली. एक खुबी त्यांनाही ठाऊक नव्हती. सुईचं भोक ८० मायक्रॉनपेक्षा बरंच मोठं असतं. शिवणीवर आतून-बाहेरून सिलिकॉनचा पातळ हात फिरवला नाही, तर निम्मा माल शिवणीतूनच जातो.

आपल्याकडच्या आज्या पाणी दुपदरी फडक्यातून गाळायच्या ते नारूच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमीच्या भीतीने. नारूची पिल्लं सायक्लॉप्स नावाच्या जीवाच्या पोटात असतात, आणि फडक्यात अडकायचा तो सायक्लॉप्सच. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, गाळणं विस्मरणात गेलं. सायक्लॉप्स मात्र विहिरीत आहेच, आणि आपल्याला आता तोच हवाय.

विहीर, तलाव, हतनूर

संध्याकाळी जा. दिवसा खोल गेलेले बरेच जीव अंधार पडू लागला की वर येतात. मेहरुण तलावाचा काठ चालेल, हतनूर धरणाचं पाणी चालेल, शेतातली विहीरही चालेल. मालकाला विचारून आणि बरोबर कोणीतरी घेऊनच जायचं. जाळी ओढण्यापेक्षा सुरुवातीला बादल्या मोजून ओता. १५ लिटरच्या १० बादल्या म्हणजे १५० लिटर पाणी गाळलं गेलं, हिशेब चोख. जाळी ओढली तर तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले अंतर असा हिशेब करावा लागतो. ३० सेंटिमीटरचं तोंड १० मीटर ओढलं तर साधारण ७०० लिटर भरतात, पण गच्च झालेल्या जाळीतून पाणी बाजूने वळतं आणि आकडा फुगतो.

बाटलीतलं पाणी पांढऱ्या बशीत ओता. जळगावच्या सराफ बाजारात दहापट दाखवणारं भिंग मिळतं, तेही पुरतं. ठिपक्यांमध्ये एक असा शोधा, जो झटके देत पुढे जातो आणि ज्याच्या शेपटीच्या दोन्ही अंगांना दोन गाठोडी लोंबतात. ती सायक्लॉप्सची मादी. गाठोडी अंड्यांची. तिला ड्रॉपरने उचलून काचपट्टीवर घ्या आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली ४० पटीवर बघत बसा. नशीब चांगलं असेल तर त्याच थेंबात एक लंबगोल जीव दिसेल. तीन जोड पाय, मधोमध एकच लाल डोळा. हा नॉप्लियस. बार्नॅकलचं पिल्लू नॉप्लियस, अंटार्क्टिकातल्या क्रिलचं, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या जीवाचं, पहिलं रूपही नॉप्लियसच. दक्षिण महासागरात ज्याच्यामागे जहाजं फिरतात, त्याचा चुलतभाऊ तुमच्या विहिरीत सापडला.

त्याच बशीत डॅफ्निया (पाणपिसू) असेल तर तिच्या पाठीवरच्या कोशात पिल्लं हलताना दिसतील. ती कडेवरची. म्हणजे एकाच थेंबात दोन रीती. गोड्या पाण्यातल्या प्राण्यांनी पोहणारी पिल्लं बरीचशी सोडून दिली आहेत. तापीतल्या शिंपल्याचं पिल्लू तर पाण्यात स्वतंत्र वाढण्याऐवजी माशाला चिकटून राहतं. गोड्या पाण्याचा त्रास वेगळा आणि ध्रुवाचा वेगळा, पण 'पिल्लू पाण्यात सोडावं की जवळ ठेवावं' हा पेच दोन्हीकडे आहे.

माठातला प्रयोग

थंडीने काय होतं ते वाचून कळत नाही. एप्रिलमध्ये करून बघा. अंडी लोंबणाऱ्या सायक्लॉप्सच्या माद्या निवडा, एकेका छोट्या बाटलीत एकेक. निम्म्या बाटल्या खोलीत ठेवा. उरलेल्यांना बूच लावून जुन्या माठातल्या पाण्यात सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे एप्रिलचा माठ खोलीपेक्षा चांगलाच गार असतो. दर सहा तासांनी तापमान लिहा आणि गाठोडी रिकामी झाली का ते बघा. फ्रिज वापरू नका. आपल्याकडचे जीव चार अंशांत आखडतात, मरतातही, आणि मग तुम्ही वाढ मोजत नसता, मरण मोजत असता.

माठातली अंडी उशिरा फुटतील. तापमान १० अंशांनी वाढलं की जीवाच्या आतले व्यवहार साधारण दोन ते तीन पटींनी भरभर चालतात, असा ढोबळ नियम आहे. आता अंटार्क्टिकात जा. तिथल्या किनाऱ्यावरचा नेहमीचा सी-अर्चिन म्हणजे स्टेरेकायनस न्यूमायरी. त्याच्या पिल्लाला अंड्यापासून रूप पालटेपर्यंत सुमारे ११५ दिवस लागतात. उष्ण समुद्रातल्या अनेक अर्चिनांचं हेच काम काही आठवड्यांत उरकतं. ओडोंटास्टर व्हॅलिडस या तारामाशाचं पिल्लू तर पाच-सहा महिने तरंगत असतं.

थंडी पाण्यालाही बदलते, हे नवशिके विसरतात. शून्य अंशाचं समुद्राचं पाणी ३० अंशांच्या पाण्याच्या दुप्पटीहून चिकट असतं. बारीक केसांनी वल्हवणाऱ्या पिल्लासाठी ते काकवीत पोहण्यासारखं. उलट त्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ दुप्पट असतो. आणि थंडीत पिल्लाचा खर्चही कमी. अन्न नसलं तरी ध्रुवीय पिल्लू महिनोन्‌महिने तग धरू शकतं. आपल्याकडचं पिल्लू तेवढ्यात उपाशी मेलं असतं.

भिंतीवर बारा महिने

माझ्या मते हीच खरी पायरी आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही. मोठा कागद घ्या, बारा रकाने आखा आणि दक्षिण ध्रुवाकडची एक जागा निवडा. मी मॅकमर्डो हे अंटार्क्टिकातलं अमेरिकी संशोधन केंद्र घेतो, कारण तिथं १९६० च्या दशकापासून या प्राण्यांच्या प्रजननावर काम झालं आहे. जागा जवळजवळ ७८ अंश दक्षिणेला.

पहिल्या ओळीत सूर्य. तिथं तो एप्रिलच्या अखेरीस मावळतो आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उगवतो. मधले रकाने काळे करा. दुसऱ्या ओळीत बर्फ. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत जास्त पसरतो, फेब्रुवारीत सर्वांत कमी उरतो. तिसऱ्या ओळीत शेवाळाचा बहर, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास. ही रेघ किती आखूड आहे बघा. वर्षभराची कमाई दोन-तीन महिन्यांत. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता प्राणी. सी-अर्चिन ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास अंडी सोडतो, म्हणून तिथून चार महिन्यांची रेघ ओढा. बहर तिच्या मधोमध येतो. पेरणी साधली म्हणायची.

मग तारामासा. त्याची रेघ आखताना पोरांचा हात थांबतो, कारण ओडोंटास्टर अंडी सोडतो ऐन हिवाळ्यात, काळ्या रकान्यात. पिल्लू पोटार्थी आहे आणि बाहेर शेवाळ जवळपास नाहीच. मग ते खातं काय? १९८६ साली हे पिल्लू जीवाणूही खातं असं दाखवलं गेलं. अंधारात जीवाणूंवर भागवायचं, हळूहळू वाढायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत तळाशी बसायच्या तयारीत यायचं. माझ्या समजुतीप्रमाणे यात फायदा असा, की वयात आलेलं पिल्लू उन्हाळ्याच्या समृद्धीत तळावर उतरतं. तुम्हाला दुसरं कारण सुचलं तर कागदाच्या कडेला लिहून ठेवा, खोडू नका.

क्रिलची रेघ सरळ आडवी जात नाही, तिला खोलीही द्यावी लागते. मादी उन्हाळ्यात पृष्ठभागाजवळ अंडी सोडते. ती अंडी बुडत बुडत शेकडो मीटर खाली जातात आणि तिथं फुटतात. मग नॉप्लियस वर चढायला लागतो. चढताना खात नाही, शिदोरीवर चालतो, आणि वर पोचेपर्यंत रूप बदलून खाणारा होतो. म्हणजे एकच पिल्लू आधी शिदोरीवालं, मग पोटार्थी. पहिला हिवाळा ते बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेलं शेवाळ खरवडून काढतं. या पिल्लांना बर्फ म्हणजे उलटं टांगलेलं कुरण आहे. बर्फ कमी झाला तर काय, हे वेगळं सांगायला नको.

शेवटच्या ओळीत जे तिथं नाहीत त्यांची नावं लिहा. खरे खेकडे अंटार्क्टिकाच्या थंड उथळ पाण्यात जवळजवळ नाहीत. त्यांना रक्तातलं मॅग्नेशियम आटोक्यात ठेवणं जमत नाही, आणि थंडीत जास्त मॅग्नेशियम म्हणजे सुस्ती, असं एक स्पष्टीकरण आहे. कोळंबीच्या मोजक्या जाती टिकल्या, त्यांची अंडी मोठी आणि पिल्लांचे टप्पे कमी.

थोरसनचा नियम, आणि तो किती मानायचा

गुन्नार थोरसन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात पूर्व ग्रीनलंडच्या समुद्रात काम केलं. त्याला पाण्यात तरंगणारी पिल्लं फारच कमी सापडली. १९५० च्या मोठ्या लेखात त्याने मांडलं, की ध्रुवाकडे जावं तसे पोटार्थी कमी होतात आणि शिदोरीवाले, कडेवरचे वाढतात. कारणही पटण्याजोगं होतं: बहर आखूड, वाढ मंद, मग पिल्लाला पाण्यात सोडून मारायचं कशाला? १९७१ साली या मताला 'थोरसनचा नियम' हे नाव मिळालं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं.

परीक्षेत एवढं लिहून मार्क मिळतात. पण तुमच्या भिंतीवरचा कागद बघा. सी-अर्चिन पोटार्थी, तारामासा पोटार्थी. मॅकमर्डोच्या तळावर दोन मीटरपर्यंत वाढणारा पार्बोर्लासिया नावाचा फितीसारखा कृमी, त्याचंही पिल्लू पोटार्थी. हे तिथले सर्वांत जास्त संख्येने दिसणारे प्राणी. जाती मोजल्या तर कडेवरच्यांचं पारडं बऱ्याच गटांत जड दिसतं. प्राण्यांची डोकी मोजली तर उथळ पाण्यात पोटार्थी पुढे. हिमनग तळ खरवडून जातात तेव्हा मोकळी जागा आधी कोण बळकावणार? ज्याची पिल्लं दूरवरून तरंगत येतात तोच. नियम चुकला असं मी म्हणणार नाही. काय मोजलं ते विचारा, एवढंच.

एकदा डुमसला जाऊन या

खाऱ्या पाण्यातले डिंभ पाहिल्याशिवाय हात बसत नाही. भुसावळ-सुरत लाइनची गाडी धरा. आपलीच तापी डुमसजवळ समुद्राला मिळते. तिथलं पाणी गढूळ, भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आणि चिखल दगाबाज, म्हणून ओहोटीला आत चालत जाऊ नका. भरती चढताना पक्क्या काठावरून बादली टाका. बार्नॅकलचे नॉप्लियस, डोक्यावर शिंग असलेली खेकड्यांची पिल्लं, इवलीशी कवचं पाठीवर घेऊन फिरणारे शिंपल्यांचे डिंभ मिळण्याची चांगली शक्यता असते.

इथं माझी फजिती सांगतो. पहिल्या खेपेला मी नमुन्यात बाजारातलं फॉर्मॅलिन तसंच ओतलं आणि बाटल्या कपाटात ठेवल्या. दिवाळीनंतर उघडल्या तर शिंपल्यांच्या पिल्लांची कवचं गायब. मऊ पिशव्या तेवढ्या उरलेल्या, कुठली कोणाची ते ओळखू येईना. फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होत जातं आणि चुन्याचं कवच विरघळवतं. त्यात टाकणखार घालायचा असतो. तोच, जो सोनार डाग देताना वापरतात. एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग समुद्राचं पाणी, त्यात तळाशी थोडा उरेल इतका टाकणखार. हे काम हातमोजे घालून, कॉलेजच्या हवेशीर प्रयोगशाळेतच करा, घरी नाही. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मॅलिनला हातच लावू नका, ९५ टक्के अल्कोहोल वापरा.

माझ्या बाटलीत झालं त्याच जातीचं रसायन ध्रुवीय समुद्रात फार सावकाश चाललं आहे. थंड पाणी कार्बन डायऑक्साइड जास्त शोषतं, त्यामुळे कवच विरघळण्याची सीमा तिथं आधी गाठली जाते, आणि सर्वांत पातळ कवच पिल्लांचं.

कवच शाबूत आहे का हे बघायची स्वस्त युक्ती म्हणजे बाद झालेल्या एलसीडी पडद्यातली ध्रुवण फिल्म. एक तुकडा काचपट्टीखाली, दुसरा वर, आणि वरचा फिरवत न्या, सगळं काळं होईपर्यंत. त्या अंधारात शिंपल्याच्या पिल्लाचं कवच आणि अर्चिनच्या पिल्लाचा सांगाडा चमकतो. हात बसवायला कच्चं केळं खरवडून त्याचा चीक बघा. स्टार्चच्या प्रत्येक कणावर काळी फुली उमटते. रावेर-यावलच्या पोरांना सामानाची कमतरता नाही.

पुढचं दार

ध्रुवीय संशोधनाची देशातली मुख्य संस्था गोव्यात वास्को-द-गामा इथं आहे: राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ पासूनची. अर्ज करताना एक चूक टाळा. 'मला मैत्री केंद्रावर जाऊन डिंभ गोळा करायचे आहेत' असं लिहू नका. अंटार्क्टिकातलं आपलं १९८९ पासूनचं मैत्री केंद्र समुद्रापासून साधारण शंभर किलोमीटर आत आहे. किनाऱ्यावर आहे ते २०१२ चं भारती. उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून हिमाद्री आहे, तेही फियोर्डच्या, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या काठी. त्या स्वालबार्डमध्ये २००४ साली निळे मसल शिंपले पुन्हा सापडले, सुमारे हजार वर्षांच्या खंडानंतर. नॉर्वेच्या किनाऱ्यावरून उबदार प्रवाहाबरोबर त्यांचे डिंभ वाहत आले, असा निष्कर्ष आहे. अंटार्क्टिकात काहीही गोळा करायचं तर २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याखाली परवाना लागतो.

तोवर घरबसल्या ओबिस या खुल्या माहितीसाठ्यात स्टेरेकायनस शोधा. नकाशावर ठिपके येतील. ठिपका प्रौढाचा की डिंभाचा आणि कुठल्या महिन्यातला, हे तपासून भिंतीवरच्या कागदाशी ताडून बघा.

आणि आज विहिरीवर जाणार असाल तर लेबल शिसपेन्सिलीने लिहा, जाड कागदावर, आणि ते बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, बाहेर चिकटवलेला कागद माठाच्या पाण्यात सुटतो. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, किती बादल्या गाळल्या आणि विहीर कोणाची, इतकं पुरे.